आधी चुकांची वही, मग पुस्तक: घरी शिकणाऱ्या मुलासाठी स्पेलिंगचा अभ्यासक्रम कसा निवडावा

माझी मुलगी साडेसहा वर्षांची असताना तिनं ‘बस’ हा इंग्रजी शब्द बी-एस असा लिहिला. मी मध्ये यू घातला आणि पाच वेळा लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ‘कप’ आला सी-पी. पुन्हा मध्ये यू, पुन्हा पाच वेळा. तिसऱ्या दिवशी ‘सन’ लिहायला सांगितलं, तर तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि ‘मला येत नाही’ म्हणून उठून गेली.

ती देवनागरीच्या नियमानं अगदी बरोबर चालली होती, हे मला फार उशिरा कळलं. मराठीत ‘बस’ दोन अक्षरांचा शब्द. ‘ब’च्या पोटात ‘अ’ असतोच, तो वेगळा लिहायचा नसतो. इंग्रजीत तो बाहेर काढून त्याला स्वतःचं अक्षर द्यावं लागतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. तोवर भांडुपच्या आमच्या दीड खोलीच्या घरात स्पेलिंगचे तीन संच येऊन पडले होते, त्यातला एक परदेशातून मागवलेला. तिन्ही चांगले होते. माझ्या मुलीला त्या वेळी जे अडत होतं, त्याचा उल्लेख तिन्हींत कुठेच नव्हता.

पाच ते दहा वर्षांच्या मुलांना जे घरी शिकवतात, किंवा शाळेतून आल्यावर ज्यांच्या घरी रोज संध्याकाळी डिक्टेशनवरून रडारड होते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शेजारी वही ठेवून, उदाहरणांचे शब्द इंग्रजीत लिहीत वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

पहिला आठवडा: काहीही विकत घेऊ नका

अभ्यासक्रम निवडायचा तो मुलाच्या चुकांवरून. वय, इयत्ता, शेजारच्या मुलाची प्रगती यांवरून निवडलेला संच बहुतेक वेळा कपाटात जातो. म्हणून आधी चुका गोळा करायच्या.

खालचे 25 शब्द पाच दिवसांत, रोज पाच या हिशोबानं घ्या. प्रत्येक शब्द एकदा म्हणा, वाक्यात वापरा, पुन्हा एकदा म्हणा. मुलाला लिहू द्या आणि काहीही दुरुस्त करू नका. चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवू नका. हा भाग सगळ्यात अवघड आहे, पण तुमची भुवई वर गेली की मूल अंदाज बांधायला लागतं आणि वहीतली खरी माहिती पुसली जाते.

बॅट, बेड, बस, पिन, पॉट. शिप (जहाज), शीप (मेंढी), चिन, थिन, फ्रॉग. स्टॉप, मिल्क, जंप, वेट (ओलं), व्हॅन. केक, होम, रेन, डे, बॅक. हिल, जंप्ड, हॉपिंग, सेड, वॉज.

याच आठवड्यात मुलाला मनानं चार ओळी लिहायला सांगा: समुद्रावर काय खाल्लं, ट्रेनमध्ये काय पाहिलं, काहीही. डिक्टेशनमध्ये सावध असणारी मुलं स्वतःचं लिहिताना वेगळ्या चुका करतात आणि त्या चुका जास्त खऱ्या असतात.

चुकांचे पाच ढीग

शनिवारी रात्री मूल झोपल्यावर सगळे चुकलेले शब्द पाच ढिगांत वाटा.

पहिला ढीग, ध्वनीच गायब. ‘मिल्क’मध्ये एल नाही, ‘जंप’मध्ये एम नाही, ‘बस’मध्ये यू नाही, ‘फ्रॉग’चा ‘फॉग’ झाला. या मुलाला शब्द कानानं सुटा करता येत नाही. याला पुस्तकाची गरज नाही. आधी कानाचे खेळ.

दुसरा ढीग, सगळे ध्वनी आहेत पण अक्षर भलतंच. ‘बॅक’च्या शेवटी फक्त के, ‘हिल’ला एकच एल, ‘केक’ के-ई-के. ऐकू बरोबर येतं, पण कोणत्या ध्वनीला कुठल्या जागी कोणतं अक्षर, हे शिकवलेलं नाही. हा ढीग मोठा असेल तर आनंद माना, कारण चांगला ध्वनी-आधारित अभ्यासक्रम नेमका यासाठीच लिहिलेला असतो.

तिसरा ढीग, प्रत्यय लावताना बिघडणारे शब्द. ‘जंप्ड’ टी लावून संपवलेला, ‘हॉपिंग’मध्ये एकच पी. इंग्रजीत भूतकाळाचा ई-डी तीन प्रकारे ऐकू येतो: जंप्डमध्ये ट् सारखा, प्लेडमध्ये ड्, वॉन्टेडमध्ये इड्. लिहायचा मात्र एकाच प्रकारे. हे माहीत नसलेलं मूल ऐकू येतं तेच प्रामाणिकपणे लिहितं.

चौथ्या ढिगात सेड, वॉज यांसारखे नियमात न बसणारे शब्द. हे थोडे असतात, पण पालकांच्या डोळ्यांत तेच खुपतात, कारण ते प्रत्येक ओळीत येतात.

पाचवा ढीग अक्षरांच्या आकाराचा: छोटा बी आणि छोटा डी उलटसुलट, अक्षरं ओळीबाहेर, शब्दांत अंतर नाही. सातव्या वर्षापर्यंत बी-डीची गल्लत सर्रास दिसते. हात दुखतो म्हणून मूल शब्द तोडून टाकत असेल, तर त्याला तोंडी किंवा अक्षरांच्या कार्डांनी शिकवा. लिहिण्याचा सराव वेगळ्या वेळी घ्या, नाहीतर हाताच्या अडचणीला आपण स्पेलिंगची अडचण समजून बसतो.

एखाद्या मुलाच्या चुका एकाच ढिगात पडतात, एखाद्याच्या तीन ढिगांत. पहिल्या ढिगात काही असेल तर सुरुवात तिथूनच, मूल दहा वर्षांचं असलं तरी.

मराठी कानाला काय ऐकू येतं

हा भाग तुम्हाला अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली अडचण वर सांगितलीच, पोटातला ‘अ’. दुसरी आहे अक्षरांच्या नावांची. इंग्रजी वर्णमालेतल्या पहिल्या अक्षराचं नाव ‘ए’ आणि पाचव्याचं ‘ई’. आपल्या मुलासाठी ‘ए’ आणि ‘ई’ ही मराठीतली ओळखीची अक्षरं आहेत. त्यामुळे ‘बेड’मध्ये ‘ए’ ऐकू आला की ते बी-ए-डी लिहितं, आणि ‘पिन’मध्ये ‘इ’ ऐकू आली की पी-ई-एन. आपण त्याला निष्काळजी म्हणतो. ते मात्र दोन लिप्यांमधून वाट काढत असतं. उपाय असा, की पहिले काही महिने अक्षराला नावानं हाक मारायचीच नाही, ध्वनीनं मारायची. ‘ए काढ’ म्हणण्याऐवजी ‘ॲ काढ’. हा ‘ॲ’ मराठी मुलांना बॅट, बॅग, कॅरम यांमुळे आयताच मिळालेला असतो, त्याचा फायदा घ्या.

तिसरी गोष्ट, ‘व’. व्ही आणि डब्ल्यू आपल्या तोंडात जवळजवळ एकच. पण मराठी लेखनात परकीय शब्द लिहिताना आपण नकळत फरक करतो: व्हॅन, व्होट, व्हिडिओ यांत व्ह, आणि वॉच, वेट, वॉटर यांत व. मुलाला मराठी वाचता येत असेल तर ही मोठीच चावी आहे. व्ह दिसला की व्ही, व दिसला की डब्ल्यू. फक्त ‘व्हॉट’, ‘व्हाइट’ असे डब्ल्यू-एचचे शब्द याला अपवाद, ते वेगळे सांगा. आपल्या गावांच्या नावांना मात्र हा नियम लागत नाही. वसई, विरार, विक्रोळी व्हीने, तर वरळी आणि शिवडी डब्ल्यूने. वडाळा दोन्हींनी लिहिलेला दिसतो. स्टेशनांच्या पाट्या वाचायला लावणं हा माझा आवडता गृहपाठ आहे. एकाच पाटीवर मराठी आणि इंग्रजी नाव सापडतं. ‘शीव’शेजारी एस-आय-ओ-एन आणि ‘भायखळा’शेजारी बी-वाय पाहिलं की मुलाला समजतं, इंग्रजीत लिहिलेलं आणि बोललेलं यांत अंतर असू शकतं, आणि हे अंतर त्याच्या डोक्यातला दोष नाही.

चौथी, ‘थ’ आणि ‘द’. ‘थिन’ टी-एचने हे मुलं पटकन शिकतात, पण ‘देन’, ‘दिस’, ‘द’ हे शब्द डीने लिहितात. ‘टी-एचची दोन तोंडं, एक थ आणि एक द’ असं एकदा सांगून पाच-सहा शब्द एकत्र केले की बहुतेकांना पुरतं. ‘शिप’ आणि ‘शीप’ला मराठीतलीच ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी मदतीला येते, देवनागरीत लिहून शेजारी शेजारी दाखवा.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. आपण ‘कार’, ‘पार्क’, ‘टीचर’ म्हणताना र स्पष्ट उच्चारतो. इंग्लंडमधल्या पुष्कळ मुलांना तो ऐकूच येत नाही. आपली मुलं सहसा आर विसरत नाहीत.

शंका असेल तर तपासणी

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. वारंवार सर्दी आणि कानदुखी होणाऱ्या मुलाला ‘फ’ आणि ‘थ’मधला फरक ऐकूच येत नसेल, तर कुठलाही अभ्यासक्रम उपयोगाचा नाही.

मूल आठच्या आसपास आलं, वर्षभर नीट शिकवूनही पहिला ढीग कमी होत नाही, मराठीतही मात्रा-वेलांट्या सतत गळतात, घरात कुणाला वाचन-लेखनाचा जुना त्रास आहे, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची (म्हणजे डिस्लेक्सियासारख्या, वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996पासून याच क्षेत्रात काम करते. सार्वजनिक रुग्णालयांत शीवचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर इथे अशी तपासणी होते. आधी बाह्यरुग्ण विभागात चौकशी करून जा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. घरी शिकणारी मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसू शकतात. त्यासाठी किमान वय 14 आहे. म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाजवळ अजून पुष्कळ वेळ आहे. घाई करू नका, पण तपासणी पुढे ढकलूही नका.

बाजारात काय काय मिळतं

ढोबळमानानं पाच प्रकार आहेत.

ध्वनीपासून सुरू होणारे. मुंबईतल्या अनेक बालवाड्यांमध्ये वापरला जाणारा जॉली फोनिक्स यातला. त्यात इंग्रजीतले 42 ध्वनी सात गटांत शिकवतात आणि पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरं येतात, कारण एवढ्याच अक्षरांत सॅट, पिन, टॅप, निप असे कितीतरी शब्द बनतात. प्रत्येक ध्वनीला हाताची एक कृती असते. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी, दुसरा ढीग मोठा असेल तर, मी याच जातीचं काहीतरी घेईन.

दुसरा प्रकार ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवरचा. सॅम्युअल ऑर्टन हे अमेरिकन डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षणतज्ज्ञ, यांच्या 1930च्या दशकातल्या कामातून ही पद्धत उभी राहिली. ऐकणं, बोलणं, पाहणं आणि हातानं करणं एकाच वेळी. एका वेळी एकच नवी गोष्ट. आणि जुन्याची रोज उजळणी. अडखळणाऱ्या मुलासाठी माझा कल इकडेच आहे. ऑल अबाउट स्पेलिंग या अमेरिकन अभ्यासक्रमाचे सात टप्पे आहेत आणि त्यात अक्षरांचे रंगीत तुकडे फळ्यावर सरकवून शब्द बांधतात. त्याचे टप्पे इयत्तांशी जोडलेले नाहीत. नऊ वर्षांचं मूलही पहिल्या टप्प्यापासून सुरू करू शकतं. बार्टन हा दहा टप्प्यांचा अभ्यासक्रम डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी लिहिलेला आहे आणि सुरू करण्याआधी मूल व शिकवणारा दोघांनाही छोटी चाचणी द्यायला सांगतो. शिकवणाऱ्याचीही चाचणी, हे मला फार पटलं. ज्याला ‘पिन’ आणि ‘पेन’ वेगळे ऐकू येत नाहीत, तो ते शिकवणार कसा?

तिसरा प्रकार शब्दांच्या कुटुंबांचा: इन, पिन, स्पिन, स्पिनिंग अशी साखळी वाढत जाते. सिक्वेन्शियल स्पेलिंग यातलं. आधी पाठ करायला यादी नसते. मूल लिहितं, लगेच स्वतः दुरुस्त करतं, पुढे जातं. तिसऱ्या ढिगातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे मानवतं. पहिल्या ढिगातल्या मुलाला देऊ नका, ते हरवून जाईल.

चौथा, उतारे बघून लिहिणं आणि शब्दाच्या आकाराकडे लक्ष देणं. ज्याचं वाचन चांगलं आहे पण स्पेलिंग कच्चं आहे, त्याच्यासाठी जोड म्हणून ठीक.

पाचवा सगळीकडे मिळतो: आठवड्याला वीस शब्द, शुक्रवारी परीक्षा. ज्या मुलाला स्पेलिंग आपोआप येतं, त्याला याचाही त्रास नाही. अडखळणाऱ्या मुलासाठी मी हा प्रकार ठामपणे नाकारते. यादीत ‘ॲपल’, ‘ट्यूसडे’ आणि ‘ब्युटिफुल’ शेजारी शेजारी असतात. त्यांत समान धागा काहीच नाही. शुक्रवारी 20पैकी 18, आणि पुढच्या बुधवारी त्यातले सहाही आठवत नाहीत. मुलाला यातून एकच गोष्ट कळते, की आपल्या लक्षात राहत नाही.

नमुन्याची पानं उघडून काय बघायचं

बहुतेक अभ्यासक्रमांची नमुना पानं आणि सुरुवात कुठून करावी याच्या चाचण्या त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट असतात. पैसे भरण्याआधी एक पाठ छापून घ्या आणि प्रत्यक्ष मुलाबरोबर करा. तुमच्या चुकांच्या वहीतले दहा शब्द त्यात कितव्या पाठात येतात ते शोधा. पहिल्या वीस पाठांत एकही येत नसेल तर तो टप्पा तुमचा नाही.

मग बघा, एका पाठात नव्या गोष्टी किती. अडखळणाऱ्या मुलासाठी एक. तीन असतील तर पुस्तक सुंदर असूनही परत ठेवा. जुन्या शब्दांची उजळणी पुस्तकातच आहे की तुम्हाला आठवणीनं करायची आहे? दिवसभर नोकरी आणि दोन वेळचा स्वयंपाक सांभाळून ती आठवण राहत नाही, म्हणून उजळणी पुस्तकातच हवी. पालकानं काय बोलायचं हे लिहून दिलेलं असलं तर आजी-आजोबांनाही पाठ घेता येतो. लिहिण्याचं ओझं किती आहे तेही मोजा: एका पाठात पंधरा ओळी असतील आणि मुलाचा पाचवा ढीग मोठा असेल, तर चौथ्या दिवशी भांडण ठरलेलं.

परदेशी संच घेताना आणखी दोन गोष्टी. अमेरिकन पुस्तकांत कलर, फेवरिट, ट्रॅव्हल्ड यांची स्पेलिंगं आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा वेगळी असतात. आपल्याकडे ब्रिटिश रूढ आहेत. ती पानं आधीच पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. आणि ध्वनिफीत ऐका. अमेरिकन उच्चारात ‘पॉट’ आपल्या कानाला ‘पाट’ वाटतो, ब्रिटिश उच्चारात ‘कार’चा र जातो. मूल गोंधळत असेल तर ध्वनिफीत बंद करून तुम्ही तुमच्या उच्चारात शिकवा. त्यानं काही बिघडत नाही.

किमतीत डाक आणि सीमाशुल्क धरायला विसरू नका. जुनी पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ आणि फोर्टात हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर चाळून बघा. पूर्ण संच क्वचित सापडतो, पण सरावाच्या सुट्या वह्या सापडतात. आत लिहिलेलं नाही ना, एवढं बघून घ्या.

अभ्यासक्रम कोणताही असो, वीस मिनिटं अशी

आमचा पाठ अजूनही ओट्याशेजारी, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये होतो. लागणारं सामान: मूठभर चिंचोके, जाड कार्डशीटचे दोन बोटं रुंद तुकडे, एक ताट, थोडा रवा. व्यंजनांचे तुकडे निळे, स्वरांचे लाल. एस-एच, सी-एच, टी-एच यांसाठी दोन अक्षरं मिळून एकच तुकडा, कारण ध्वनी एकच आहे.

पहिली चार मिनिटं फक्त कान. मी ‘बस’ म्हणते, ती प्रत्येक ध्वनीला एक चिंचोका पुढे सरकवते. सुरुवातीला ती दोन सरकवायची.

“हळू म्हण. ब् झाला, मग तोंड उघडलं तेव्हा काय आलं?”

“अ.”

“मग त्याला चिंचोका नको?”

तिसरा चिंचोका सरकला त्या दिवशी ‘बस’, ‘कप’ आणि ‘सन’ एकदम सुटले. पाच वेळा लिहून जे महिनाभर झालं नव्हतं, ते तीन चिंचोक्यांनी झालं.

पुढची पाच मिनिटं तुकडे. चिंचोक्यांच्या जागी अक्षरं येतात. ‘शिप’ बांधला की ‘आता शॉप कर’. एकच लाल तुकडा बदलायचा. ‘शॉप’चा ‘चॉप’, ‘चॉप’चा ‘चिप’. मूल स्वतः बघतं की शब्दाचा कोणता भाग बदलला.

मग नवा नियम असेल तर तो, पाच मिनिटांत. उदाहरणार्थ, शब्दाच्या शेवटी क् ऐकू आला आणि त्याच्या अगदी आधी एकटा ऱ्हस्व स्वर असेल तर सी-के: बॅक, डक, किक. मध्ये दुसरं व्यंजन आलं तर फक्त के: मिल्क, डेस्क, पार्क. नियम सांगून टाकू नका. दोन्ही प्रकारचे तीन-तीन शब्द मांडा आणि ‘काय दिसतं?’ विचारा. मुलं शोधतात, आणि स्वतः शोधलेलं विसरत नाहीत. नवा आकार रव्याच्या ताटात बोटानं, ध्वनी मोठ्यानं म्हणत गिरवायचा.

शेवटी चार-पाच शब्द आणि एक वाक्य लिहून घ्या, फक्त शिकवलेल्या गोष्टींचं. न शिकवलेला शब्द वाक्यात घालणं हा मुलावर अन्याय आहे. चूक झाली तर खोडू नका. ‘तुझा शब्द वाच बरं’ म्हणा. बी-एस वाचताना ते स्वतःच थांबेल. पुन्हा बांधून, पुन्हा लिहून संपवा. वीस मिनिटं झाली की उठा, मूल ‘अजून एक’ म्हणत असलं तरी. रविवारी सुट्टी.

सेड, वॉज, देअर, व्हॉट यांसारखे शब्द आठवड्याला दोन. इंग्रजीतले सर्वाधिक वापरले जाणारे 100 शब्द छापील मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग व्यापतात, त्यामुळे वेगळ्या मोठ्या याद्यांची गरज नाही. ‘सेड’मध्ये पहिला आणि शेवटचा ध्वनी नियमानं चालतो, फक्त मधलं ए-आय आडमुठं आहे. त्याच्याखाली लाल रेघ मारा आणि तेवढंच लक्षात ठेवायला सांगा.

आणि मराठी शुद्धलेखन?

घरची भाषा मराठी असेल तर माझा आग्रह आहे, मराठी वाचन आधी पक्कं होऊ द्या. बोललेलं लिहिता येतं हा विश्वास मुलाला देवनागरी फार लवकर देते, आणि तोच विश्वास घेऊन ते इंग्रजीकडे जातं. दोन्हींची सुरुवात एकाच महिन्यात मात्र करू नका.

मराठीसाठी तयार संच शोधत बसायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. क्रम तेवढा आपण लावायचा. आधी काना-मात्रा-वेलांटी-उकार, मग सोपी जोडाक्षरं, मग र. हा र मुलांना छळतो: ‘चक्र’मध्ये पोटात, ‘अर्क’मध्ये डोक्यावर, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी, ‘दुसऱ्या’मध्ये वेगळाच. चारही एकाच दिवशी दाखवू नका, एकेकाला आठवडा द्या.

ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, आणि तेही दोनच नियमांनी. शब्दाच्या शेवटी इ-उ आले तर दीर्घ: कवी, गुरू, पाटी, वाळू. ‘आणि’ हा अपवाद तेवढा लगेच सांगून टाका. दुसरा, मूळ शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई-ऊ प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला, मूल पण मुलाला. हे मुलांना टाळीवर खेळायला आवडतं. तत्सम शब्दांचे अपवाद चौथी-पाचवीपर्यंत राहू द्या.

घरात आजी शिकवत असेल तर एका गोष्टीची कल्पना असू द्या. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली आले, त्यांत 1972 साली चारची भर पडून ते 18 झाले. त्यात न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी शिकलेल्या माणसांच्या हातून ‘घरांत’, ‘नांव’ असं लिहिलं जातं, आणि त्यांच्या काळी ते बरोबरच होतं. आजीला चुकीचं न ठरवता मुलाला सांगा, ‘आजीच्या शाळेत तसं होतं, आता असं आहे.’ माझ्या सासूबाईंनी स्वतःच ते नातीला सांगितलं, आणि दोघींनी मिळून जुन्या पत्रांतले असे शब्द शोधले.

सहा आठवड्यांनी

तेच 25 शब्द पुन्हा घ्या, त्याच पद्धतीनं, रोज पाच. किती बरोबर आले यापेक्षा ढीग कसे हलले ते बघा. ‘मिल्क’मध्ये एल आला पण शेवटी के-ऐवजी सी-के लागला, तर ती चूक पहिल्या ढिगातून दुसऱ्यात गेली, अभ्यासक्रम काम करतोय, पुढे चला. ढीग तिथेच असतील तर आधी स्वतःला विचारा, आठवड्यातून पाच दिवस खरंच झाले का? झाले नसतील तर वेळ बदला, पुस्तक नको. झाले असतील तर एक टप्पा मागे जाऊन तीन आठवडे द्या. त्यानंतरही काही हललं नाही, किंवा वही दिसली की मुलाचं पोट दुखायला लागतं, तर संच बदला. खर्च झालेल्या पैशांकडे बघून तो ओढत बसू नका. मी तसा एक संच सात महिने ओढला होता, आणि त्या सात महिन्यांत मुलीनं मनानं लिहिणं पूर्ण थांबवलं होतं.

पहिल्या आठवड्याचे कागद टाकू नका. वर तारीख घालून एका फाइलीत ठेवा आणि दर सहा आठवड्यांचे कागद त्यांच्यामागे लावत जा. तपासणीला जायची वेळ आली तर डॉक्टर आणि समुपदेशक हेच आधी मागतात. माझ्या फाइलीत सगळ्यात वर अजून तो बी-एसचा कागद आहे.